तप्तेश्वराला पन्हं

मंडळी, रामजन्माला अजून अवकाश आहे, तोवर सांगा — तापट माणूस गार कसा करायचा? त्याच्याहून मोठ्यानं ओरडून? व्वा! मग एव्हाना तुमच्या घरात बर्फ पडायला हवा होता!

ऐका. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव. दोन गावांच्या मधे काय असतं? पेटीवाले म्हणतात, "काही नाही!" — अहो, ते तुमच्या डोक्यात! तिथं वायू असतो. तप्तेश्वर! दहा-दहा लाख अंश तापलेला, पण इतका विरळ, की कण कणाला भेटत नाही. भेटच नाही, तर ताप उतरणार कसा? युगानुयुगं धुमसतोय!

त्याच्यातून वाट काढत गावाकडं निघाली चिमी — थंड वायूचा एवढासा ढग. गावात थंड वायू संपलेला, ती पोचली तरच नवा तारा जन्मणार. पाळणा रिकामा! थोरली बहीण गारूबाई म्हणाली, "थांब, मिळून जाऊ." "मला नाही कुणाची गरज!" निघाली एकटीच. तप्तेश्वर अंगाला घासला — चिमीच्या पार चिंध्या!

गारूबाईनं डोळे पुसले, वाटेतले ढग गोळा केले. "धरा गं एकमेकींना!" भलीथोरली होऊन निघाली. तप्तेश्वर आडवा — "कोण ए? फाडून टाकीन!"

"फाडा हो भाऊजी. पण उन्हातनं आलात, आधी ओट्यावर टेका. पन्हं घ्या."

ओटा म्हणजे ढगाची कड! तिथं गरम नि गार मिसळून कोमट होतं, कण कणाला भेटतो. तिकडचं कोमट — लाखभर अंश, बोट घालू नका! आणि गंमत बघा, ताप भराभर टाकतं ते हे कोमटच! उजेड होऊन निघून जातो!

"अगं, मी गार पडलो!"

"मग आत या की! उंबऱ्यात काय उभे?"

कड फाटत होती, खरं. पण फाटे त्याहून जास्त आत येई. फाडायला आला, तो ढगच झाला! गारूबाई निघाली त्याहून जाडजूड पोचली. तारा जन्मला — ट्यँहँ!

चिमीनंही पन्हं दिलं असतं हो. पण एवढ्याशा ओट्यावर पाहुणा टेकायच्या आत घरच उडालं! एकट्याचा चांगुलपणा पुरत नाही, बाबांनो.

आता तुम्ही! वरची आळी डावीकडे, खालची उजवीकडे, मधे सतरंजी ओस. कशापायी? पाळण्याची दोरी कुणी ओढायची, यावरनं! लाज नाही वाटत? सतरंजीच्या मधोमध पन्ह्याची घागर ठेवलीय. उठा, एकमेकांना पाजा. तोवर मी जन्माचं पद म्हणत नाही!

बारा वाजत आलेत. देव खोळंबला, तर कौसल्येला उत्तर तुम्ही द्यायचं!