निळ्या गाडीचा गव्हर्नर

सन्माननीय अध्यक्ष श्रीयुत मालोजीराव, व्यासपीठावरील मंडळाचे पदाधिकारी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते माझे वडील श्रीयुत बिंदुमाधवराव, आणि मल्लेश्वरमातल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. म्हणून सगळं कागदावर लिहून आणलं आहे.

बाबांचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी पुरेसं केलं. ते ऐकून बाबा दोनदा उठून जायला निघाले होते. उद्यापासून त्यांचं गॅरेज मी चालवणार. "मुलगी गॅरेज चालवणार?" असं मघाशी पुढच्या रांगेतून ऐकू आलं. हो, चालवणार. शाळेत मी उशिरा गेले. तोवर अक्षरं आईनं शिकवली, इंजिन बाबांनी. आईची एकच सक्ती होती. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी पडताळा करून दाखवल्याशिवाय पाटी पुसायची नाही. ती सवय अजून गेलेली नाही, आणि तिचा त्रास सध्या अध्यक्षांना होतो आहे.

मालोजीरावांकडे एकाच जर्मन कंपनीच्या दोन गाड्या आहेत, एक पांढरी, एक निळी. दिसायला जुळ्या बहिणी, पण पांढरीचं इंजिन मोठं. या गाड्यांना कार्ब्युरेटर नाही. पंप पेट्रोल इंजिनात फवारतो, आणि किती फवारायचं ते पंपावरचा गव्हर्नर ठरवतो. राजभवनातले नव्हेत; याला दिवसभर काम असतं.

पांढरीला गिऱ्हाईक मिळालं आणि नेमका तिचा गव्हर्नर बिघडला. निळी उभीच असते, तिचा काढून हिला लावा, असं अध्यक्षांनी सांगितलं. आमच्या गॅरेजातल्या मेकॅनिक बसवंतनं लावला. बोल्ट अचूक बसले. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

बसवंत म्हणाला, "अक्का, सरी बसला की, अगदी बरोबर!"

अध्यक्ष म्हणाले, "झालं तर मग, पोरी. पेढे आण."

पेढ्यांआधी मी गाडी नंदी डोंगराच्या चढावर नेली. वर पोचल्यावर प्लग काढून पाहिले. चुन्यात बुडवल्यासारखे पांढरेफटक! लहान इंजिनाच्या मापानं पेट्रोल मिळत होतं आणि मोठं इंजिन आतून भाजत होतं. सपाट रस्त्यावर हे कुणाला कळणार? घेणारा माणूस बायकामुलांना घेऊन घाट चढेल, तेव्हा पिस्टन वितळेल. मी परत आले, गव्हर्नर काढला आणि निळीला लावून टाकला.

आज दुपारी अध्यक्ष गॅरेजात आले. "माझी गाडी, माझा गव्हर्नर. उद्या संध्याकाळपर्यंत परत लाव. नाहीतर माझ्या सगळ्या लॉऱ्या दुसरीकडे जातील."

त्या लॉऱ्यांवर आमचं निम्मं गॅरेज चालतं, हे इथं सर्वांना ठाऊक आहे. मी बाबांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मला आज हार घालणार आहेत," बाबा म्हणाले. "गॅरेज तुझं, उत्तरही तुझं."

अध्यक्षमहाराज, उत्तर 'नाही' असं आहे. गाडी आपली, गव्हर्नर आपला, मान्य. हात आमचे आहेत. नवा गव्हर्नर परदेशातून मागवायला परवाना लागेल, महिने जातील. तोवर पांढरी आमच्याकडे नीट झाकून ठेवीन. दुसऱ्या कुणाकडून निळीचाच बसवून घ्यायचा असेल, तर गाड्या खुशाल न्याव्यात. पण घेणाऱ्यानं मला विचारलं, तर ते पांढरे प्लग मी त्याच्या हातावर ठेवणार.

मंडळानं बाबांचा एवढा मान केला, आपण सर्वांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. हाराच्या दिवशी काही कडू बोलले असेन, तर लेक म्हणून पोटात घाला.

आणि मालोजीराव, लॉऱ्या सकाळीच न्यायला हरकत नाही. सगळ्यांचे ब्रेक तपासून ठेवले आहेत. एकीचं डावं चाक ब्रेक दाबला की अजून धरतं आहे. ती मात्र दुरुस्त झाल्याशिवाय मी फाटकाबाहेर सोडणार नाही.