माझी सवत बारवेत राहते

माझं माहेर नायगावाकडचं. बाप शेळ्या राखायचा, चौघी बहिणीत म्या धाकटी, आन मला देऊन टाकलं इकडं मुखेडच्या बाजूला, पिठाच्या गिरणीवाल्याला. माप ओलांडून आत आले तर शेजारची अक्का हसून म्हणली, ये ग महानंदा, तू दुसरी. सासूला इचारलं, अव्वा, ह्यांचं पहिलं लगीन झालंय का? म्हणली, हाव, पन ती मेलेली हाय, तिची फिकीर करू नको.

मंग कळलं. गावात जुनी बारव हाय, पायऱ्यांची विहीर. लई वर्सामागं परगावचं वऱ्हाड तिथं थांबलं, नवरी पानी प्यायला उतरली, पाय घसरला आन बुडाली. तवापासून म्हणे ती गावच्या नवरदेवांना धरायची, कुनाला ताप, कुनी मांडवातच चक्कर येऊन पडायचा. तर पंचांनी ठरवलं, दरसाल हिचंच लगीन लावा, म्हणजे बाकीच्यांना सोडील. घागरीला लुगडं नेसवून नवरी करायची, गावातला एक गडी नवरदेव, आन चैतात बारवेवर भुताचं लगीन. आता तर डीजे असतो, पोरं तोंडाला चुना फासून भुतं होऊन नाचतात, नांदेडहून लोकं येतात शूटिंग करायला. आमचे मालक माझ्याशी लगीन व्हायच्या आधीच तिचे नवरदेव झाले, त्या साली कुनालाच तकलीफ झाली न्हाई, मंग पंच म्हणले, हिला हाच पसंत हाय, ह्यालाच राहू द्या.

तुमी हसून राहिले. पन माझं बगा. हा मानूस वर्सभर पिठात पांढरा, भुवयासुद्धा पांढऱ्या, मला लुगडं घ्यायचं तर म्हणनार, तूच जा बाजारला, मला काय कळतंय त्यातलं. आन तिच्या लुगड्यासाठी सोता एसटीनं उदगीरला जायचा, हिरवंच पाहिजे, काठ रुंद पाहिजे. त्या दिवशी साबन लावून घासून घासून अंघोळ, मिशीला तेल, बाशिंग बांधून आरशात बघून लाजायचा. माझ्याकडं बघून कवा लाजला न्हाई. सारा गाव बारवेवर जेवायचा, म्या दार लावून घरात शिळी भाकर खायची. लेकी म्हणायच्या, आई, घागर हाय ती. म्या म्हणायची, असू दे.

मागं मालकांचे गुडघे गेले, पायऱ्या उतरता येईनात. पंचांनी मोबाईलच्या दुकानवाल्या पोराला नवरदेव केलं. म्या मनात म्हणलं, सुटले बाई. कसलं काय. बँड वाजला आन हे गिरणी बंद करून खाटेवर पडले, भिंतीकडं तोंड करून, दुसऱ्यानं बायको पळवल्यावानी. ताट सरकवलं. मंग म्हणले, महानंदा, तू जाऊन ये, त्याला नीट जमतंय का बघ.

जीव नुसता जळत होता माझा. पन गेले, पहिल्यांदाच गेले. बघते तर पितळेची घागर, वर नारळ, नारळाला काजळाचे डोळे. हिच्यावर म्या जन्मभर जळले? आन तो पोरगा एका हातानं फोटो काढून राहिला, एका हातानं काळे मणी घालून राहिला, धक्क्यानं नारळ कलला, पदर खाली गेला, सारे हसले. मला काय झालं म्हाईत न्हाई, म्या वरडले, अरे नीट घाल की, बाईमानूस हाय ती! गर्दीतून पुढं जाऊन तिच्या डोक्यावर पदर घेतला, निऱ्या सारख्या केल्या. पोरानं फोन खिशात घातला.

घरी आले तर मालक उठून बसलेले. कशी दिसत होती? म्या म्हणलं, रडत होती, तुमाला इचारत होती. असं तोंड फुललं त्यांचं, लगेच भाकर मागितली. दिली, पन ताटात आपटून दिली.

आता दरसाल लुगडं म्याच नेसवते, पंच बोलावतात. अजून जळते का म्हणता? जळते की. माझे केस पिकले, दात हलून राहिले, आन ती तशीच कोवळी नवरी. मेलेल्याला म्हातारपन येत न्हाई. तरी पदर सारखा करताना तिच्या कानात म्हणते, बाई, सुखी राहा, पन पुढल्या जल्मी हा मानूस माझ्या एकटीचा, एवढं ध्यानात ठेव.