गालावरची करडी छाया

सन्माननीय अध्यक्ष सर पेरेग्रिन हॉलक्रॉफ्ट, आजच्या उत्सवमूर्ती श्रीमती डॉर्कस पेल, व्यासपीठावरचे छापखान्यांचे मालक, रंगकामाच्या टेबलावरून तशाच उठून आलेल्या माझ्या मैत्रिणी, आणि कॉव्हेंट गार्डनच्या आसपासचे सर्व सभ्य स्त्रीपुरुषहो,

मी केझाया थॉर्न. पेलबाईंच्या चित्रांच्या दुकानात तांब्याच्या पत्र्यावर कोरकाम करते. बाईने भर सभेत उभं राहून बोलावं का, असा प्रश्न मागच्या बाकांवर पडलेला दिसतो. मी थोडक्यात आटोपते.

आधी अध्यक्षांचे आभार. गेल्या तीन निवडणुकांत त्यांची हनुवटी आम्ही इतकी लांबवली की ती आमच्या दुकानाची पाटीच झाली. एकदा ते स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, "पेलबाई, या खेपेला हनुवटी आखूड दिसते. माझ्या हातून काही आगळीक झाली का?" बाई म्हणाल्या, "नाही हो साहेब, कागद अपुरा पडला." असे उमेदवार आहेत म्हणून आमचा धंदा आहे.

पण व्यंगचित्र सगळ्यांनाच इतकं मानवतं का?

माझ्या आधीच्या दोन वक्त्यांनी हसत हसत 'खाटकाचं मत' या चित्राचा उल्लेख केला. मागच्या निवडणुकीतलं हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या भिंतीवर आहे. एक बाई मतासाठी ओबेद स्टार्क खाटकाचं चुंबन घेते आहे, आणि त्या बाईला चेहरा आहे आमच्या पेलबाईंचा. दुकान गाजावं म्हणून त्यांनीच स्वतःला चितारून घेतलं, असं सगळे समजतात. अजूनही बाजारात त्यांच्या पाठीमागे टारगट लोक ओठांचे आवाज काढतात. सोमवारी त्या दुकान सोडून बहिणीकडे ब्रिस्टलला चालल्या आहेत. तो चेहरा तिथे कसा आला, ते त्या जाण्याआधी सांगायचं आहे.

बाई, माझ्याकडे असं बघू नका. मला हे सांगायला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं आहे.

त्या चित्रात पहिल्यांदा दुसराच चेहरा होता. फिलिपा गॅड या विधवा बाईंचा. पलीकडच्या गल्लीत त्या मुलींची शाळा चालवतात. त्या निवडणुकीत त्यांचे दीर उभे होते, म्हणून त्या दारोदार मतं मागत फिरल्या. स्टार्कच्या दुकानातही गेल्या, त्याच्याशी हात मिळवला आणि बाहेर पडल्या. चित्रकाराने हाताचं चुंबन केलं. रेखाटन आमच्याकडे आलं, मी ते पत्र्यावर उतरवलं, आणि दुपारपर्यंत खिडकीसमोर चालायला जागा उरली नाही.

दोन दिवसांनी गॅडबाई दुकानात आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मुलींना शाळेतून काढून घरी न्यायला गाड्या यायला लागल्यात. हे चित्र उतरवा."

पेलबाई म्हणाल्या, "उतरवते की. पण मग लोक काय म्हणतील?"

याचं उत्तर या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. खिडकीतून चित्र नाहीसं झालं की उमेदवाराने दुकानाचं तोंड बंद केलं, आणि तोंड बंद केलं म्हणजे गोष्ट खरी, असंच आपण धरून चालतो.

"मग मी करू तरी काय?" गॅडबाईंनी विचारलं.

"तुम्ही घरी जा, शाळा उघडी ठेवा," पेलबाई म्हणाल्या. मग मला हाक मारली. "केझाया, हा चेहरा घासून काढ. दुसरा घाल."

"कोणाचा?"

"माझा. माझी परवानगी विचारायला लांब जावं लागणार नाही."

मी म्हटलं, "बाई, लोक हसतील."

"हसू देत. एकाच चुंबनाला आज एक चेहरा, उद्या दुसरा. मग त्यातला खरा कोणता हे कोण शपथेवर सांगणार? आणि ऐक, नाक जरा मोठंच काढ. सुंदर काढलंस तर मी पैसे देऊन काढून घेतलं म्हणतील."

आमच्या कामात पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं येतं. बाईंच्या डाव्या गालावरचा तीळ डावीकडेच यायला हवा, म्हणून त्या माझ्याकडे पाठ करून आरशासमोर बसल्या आणि मी आरशातल्या बाई कोरल्या. त्या सबंध वेळात त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "ज्या बाईचं चित्र काढलं तिला मत नाही, विकणारीला नाही, कोरणारीलाही नाही. तिघींच्या जिवावर निवडणूक मात्र रंगतेय."

नवं चित्र खिडकीत लागलं. पहिल्याच माणसाने विचारलं, "काय हो पेलबाई, स्टार्कच्या मिश्या टोचल्या का?" बाई म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा कमी." त्या आठवड्यापासून गावाला हसायला दुसरी बाई मिळाली. शाळेच्या दाराशी गाड्या यायच्या थांबल्या. जुन्या प्रती ज्यांच्याकडे होत्या त्यांनाही आपलं चित्र खरं की दुकानात नव्याने लागलेलं, हे सांगता येईना.

बाईंनी हे कधीच कोणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे गॅडबाईंचं नाव पुन्हा घेणं आलं.

आज जिन्यावर गॅडबाई मला भेटल्या. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मला म्हणाल्या, "केझाया, आज माझं नाव घेऊन सांग. ती जातेय. माझी बदनामी तिने सामानात बांधून ब्रिस्टलला न्यायला नको." मी तेवढंच केलं.

एक तांत्रिक गोष्ट सांगून थांबते. पत्र्यावरचा चेहरा घासून काढला की तिथे खळगा पडतो. मग पत्रा पालथा घालून मागून हातोडीने ठोकायचा आणि तो भाग वर आणायचा. कितीही ठोकला तरी किंचित खोल राहतो, तिथे शाई धरते. घरी गेल्यावर आपलं चित्र उजेडात धरा. पेलबाईंच्या गालावर पुसट करडी छाया दिसेल. मी ती काढायला निघाले होते. बाईंनी हात धरला. "राहू दे. तिथे आधी कोणीतरी होतं."

अध्यक्षांनी हनुवटी आणि वेळ दोन्ही दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, याबद्दल आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर क्षमा असावी. बाई, तुमचीही मागते, पण बोललेलं मागे घेत नाही. हे बोलणं पत्र्यावर असतं, तर तुम्ही मला ते घासून काढायला लावलं असतं.