चिमाजी भावजींच्या राशी

— अवो, ठेवा की त्ये गठुडं खाली! पळून जात न्हाई — आन पळालंच तर म्होरं राजगड आडवा हाय, कुटं जानार? बसा हितं ओट्यावर. बसा, बसा... हां. म्हंजी "बसा" कळतंय, "भाव उतरवा" म्हनलं की त्येवढंच कानात शिरत न्हाई व्हय? लबाड हायसा. पर मानूस बरं दिसताय. ह्या गुंजवन्यात कासार येतो, बोहारीन येती, पर चिनी मानूस आजवर कुनाच्या उंबऱ्याला आला न्हवता — विंझरात तुमी रेशीम इकताय आसं पानोठ्यावर कळलं आन म्या सांगावाच धाडला. आता ह्यो खण, ह्यो डाळिंबी. ह्योच द्या. व्हय, ठावं हाय मला, पितरपाट चाललाय, आज सर्वपित्री आवस, नवं कापड घेऊ नये — पर तुमी काय माझ्यासाटी दसऱ्याला परत येनार हाय? आन खण मला न्हाईच. ह्यो तुमीच घेऊन जायचा. आसं बगू नका! तुमच्याकडनं घ्यायचा, तुमच्याच हातात द्यायचा, तुमच्याच मुलखात धाडायचा — माझ्या जावंला. चिनीन हाय माझी जाऊ. हसा, हसा, सारा गाव हसतो.

खोटं वाटतंय? थांबा, फोटू काडते भितीवरनं... ह्यो बगा. काच पुन्याची हाय, हात जपून लावा. ह्यो मदी उबा हाय न्हवं, त्ये आमचं हे — नाव इचारू नका, न्हवऱ्याचं नाव म्या घेत न्हाई, रखमाचा बाप म्हना. आमच्या लगनाला वरीस झालं आन हे आन धाकलं भाऊ, चिमाजी भावजी, दोगं बी पलटनीची खेचरं हाकाया गेलं, तुमच्याकडं, चीनला. गेलं दोगं आन आलं एक. म्हातारीनं, माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, दारातच इचारलं, "चिमा कुटं?" तर ह्यांनी पिशवीतनं ह्यो फोटू काडला. म्हनलं, चिमानं तितंच लगीन लावलं, घरजावई झाला, सासऱ्याची भातखाचरं त्योच कसतो — आन ह्या बगा त्याच्या राशी! कुनी गोरा साहेब व्हता, त्याला फोटूचा नाद, खेडोपाडी हिंडायचा, त्यानं वाटंत थांबून काडला म्हनं. बगा की किती राशी! आमच्या खळ्यावर एक चांगली रास पडली तर आमी शेजारपाजारला जेवाया घालतो, आन ह्या गड्याच्या बगा, नजर जाईल तितवर राशीच राशी.

म्या तर दर दिवाळीला ह्याला हळद-कुक्कू लावती. रास म्हंजी लक्षुमीच की वो — ही काच पिवळी पडलीया ती त्याच्यापायीच. पर आळशी हायेत चिमाजी भावजी, पयल्यापासनं आळशी! राशीवर गवात उगवलंय, दिसतंय न्हवं? रास घरात न्हेऊस्तवर गवात उगवावं? चिनीन काय करती मग दिवसभर, आरशात बगती? आन ह्यो कागूद, राशीच्या डोक्यावर, दगडाखाली दाबलेला — आमी राशीवर शेणाचा गोळा ठिवतो, नजर लागू ने म्हनून, तुमी कागूद ठिवत आसाल, ज्याची त्याची रीत. आमच्या ह्यांच्या पायात पायतान न्हाई, त्ये बराबर हाय, खळ्यावर पायतान घालत न्हाईत. पर डोई उगडी! आन मिशी? सफा! अवो, माझ्या न्हवऱ्याची मिशी आशी की वर लिंबू ठिवलं तर पडायचं न्हाई. म्या इचारलं, तर म्हनलं, वारं लई व्हतं, मुंडासं उडालं. म्या म्हनलं, आन मिशी? ती बी वाऱ्यानंच उडाली व्हय? तर आसं चिडलं, आसं चिडलं, ताटावरनं उटलं. तवापासनं म्या त्या वाटंला गेले न्हाई.

तर माजं काम येवडंच. खण जावंला द्यायचा, म्हनायचं साळूबाईनं ओटी धाडलीया, भांडान न्हाई. आन भावजींला म्हनावं, लाज वाटत आसंल तर वाटू द्या, चार शिव्या खावा, पर एकदा येऊन आईला तोंड दावा. म्हातारी काय जलमभर बसनार हाय? तशी इरसाल हाय, माझ्या उरावर मिरं वाटती ती निराळंच — ती बगा, माजघरात वाती वळत बसलीया, कान सारं हिकडं. फोटू आला त्या दिशी हातात घेतला, लई येळ बगितला, आन म्हनाली, "लाव भितीला." बास. पुन्यांदा त्याच्याकडं मान म्हनून वळवली न्हाई. पोरानं परमुलखात बायकू क्येली म्हनून राग, दुसरं काय! आन खोड ऐका — सर्वपित्रीला गोठ्याच्या कौलांवर पानं ठिवती ती दोन. सासरा एक आन पानं दोन! म्या इचारलं तर म्हनती, "तुजा सासरा लई खायचा." घ्या! मेला तरी भूक न्हाई मेली. पयलं पान कावळा लगी टिपतो, दुसऱ्याला काय शिवत न्हाई. दर साली त्येच. आज बी सकाळी ह्यांनी निवद दावला आन वेल्ह्याला गेलं, आन त्ये दुसरं पान बगा, हाय तसं हाय, खिरीवर माशा बसल्यात.

— काय झालं? टोपी का काडली? उटलात का? — अवो, फोटूम्होरं काय वाकताय? देव न्हाई त्यो! हां, झालं की एकदा. आनी? ...तीनदा वाकलात. काय ह्ये? न्हाई, न्हाई, तुमचं बोलनं मला कळत न्हाई, बोटानं दावा. ह्यो कागूद? त्याचं काय? आन ही रास — व्हय, रास हाय, भाताची. न्हाई? मान का हलवताय? हात गालाखाली... डोळं मिटून... निजलंय? कोन निजलंय? राशीत कोन निजतंय, अवो...

आगं आई.

गवात. भाताच्या राशीवर गवात कसं उगवंल? ही मड्यावरची माती. मला, कुनब्याच्या लेकीला, येवडं कळू ने? आन कागूद — तुमचं बी पितरांचं पानच त्ये. आन डोई उगडी. आन मिशी — अग्नी न्हाईतर माती देनारा मिशी काडतो, आनी कोन काडतंय? बायकू न्हाई, पोर न्हाई, तर थोरल्या भावानंच द्यायची. आन म्या त्यांला वाऱ्यानं उडाली का म्हनलं. भरल्या ताटावरनं उटीवलं. आन भावजींला आळशी म्हनलं — हळद-कुक्कू लावता लावता, दर दिवाळीला.

— आं? व्हय, आत्याबाई! कोन न्हाई, त्यो चिनी रेशीमवाला. काय म्हनतोय? ...म्हनतोय, चिमाजी भावजींचं बरं चाललंय. औंदा भात लई आलंय. व्हय, म्हनला की आत्ताच. — पान? कुनाला वाढू, ह्यास्नी? ताजं वाढते की. — दुसरं पान म्हंजी? ...कावळा न्हाई शिवला तर ह्यांनी शिवावं? तिकडचाच मानूस हाय म्हनून? — "चिमाचं पान"... आत्याबाई, तुमी काय म्हनलात? तुमाला ठावं... कवापासनं? — मिशी बगून? त्याच दिशी?

...

घ्या, दादा. हात धुवा. हितंच बसा, उन्हात नको. खीर पयली खावा, भावजींला खीर लई आवडायची, पातेलं पुसून खायचं. वडा बी घ्या. लाजू नका, तुमचाच मान हाय आज. आन जेवान झालं की वढ्याच्या कडंनं खालच्या वाटंनं जावा — वरच्या वाटंनं आमचं हे येतील, त्यांची तुमची गाठ पडू ने. त्यांना वाटतंय ह्या घरात कुनालाच ठावं न्हाई. वाटू द्या. खण घेऊन जावा माघारी. मला जाऊ न्हाई. — फोटू? द्या हिकडं. होता तितंच लावते. दिवाळीला हळद-कुक्कू बी लावीन, न्हाई लावलं तर हे इचारतील का न्हाई लावलं म्हनून. जेवा आता गुमान. लई बोलता बाई तुमी.