हळदीचे हात

मी नांदूर मधमेश्वराची. नाशकाच्या खाली गोदावरीला धरण घातलंय ना, त्याच्या फुगवट्याला लागून आमची भोयांची घरं, दारातून पाऊल टाकलं की पाणी, काय सांगू तुम्हाला, चालायच्या आधी होडीत बसले असंन मी. इंग्रजाचं राज्य, सन पस्तिसाच्या मागंपुढची गोष्ट. आबाला, म्हंजे माझ्या बापाला, मी एकटीच लेक, आणि त्याची बोटं जाडजूड, म्हणून गळाला गांडूळ लावायचं काम माझं.

वाम मासा कसा, तर तळाच्या गाळात रुतून पडतो, नुसतं तोंड बाहेर. त्याला वरवरचा गळ चालत नाय. दोरीला खडा बांधायचा, गळ पार तळाला टेकवायचा, आणि वल्हं उचलून ठेवायचं, होडी वाऱ्यानं जाईल तशी जाऊ द्यायची, म्हंजे गांडूळ गाळावरून सरपटत जातं. ओवायचं असं की गळाचं टोक दिसायला नको आणि शेपटी तर वळवळत राहिली पाहिजे. वाम आधी नुसतं चाखून बघतो, तेव्हा ओढलं की गेला. दोरी तिरकी झाली की मग ओढायचं. आणि हाताला तेलाचा, हळदीचा वास नको, आबा आधी माझे हात हुंगायचा.

मग लगीन झालं, सासर वणीला. तिथं देवीचा गड जवळ, पण असं पाणी नाय. सासरची फुटाण्याची भट्टी, जत्रेला फुटाणे विकायचे, आणि फुटाण्याला हळद-मीठ चोळायचं काम सुनेचं. दिवाळीपर्यंत बोटं नखापासून पिवळी. भट्टीच्या धगीत बसलेली असायचे आणि डोळ्यापुढं नुसतं पाणी.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले ते एकच मनात धरून, आबाच्या गळाला एकदा गांडूळ लावायचं. काठावर बसून गाळानं हात घासले, राखेनं घासले, चिंचेनं घासले, आई म्हणते, अगं कातडं ठेव थोडं, सासरी परत द्यायचीय तू. आबानं हात हुंगले. होडीत बस म्हणाला, पण गांडुळाचं मडकं स्वतःजवळ ठेवलं. मी तोंड फिरवून बसले. मधल्या पाण्यात गेल्यावर त्याला काय ओवता येईना, एक तुटलं, दुसरं तुटलं. मग गळ माझ्यापुढं धरला.

लाव सखू, म्हणाला. आज मासा नाय लागला तरी चालंल.

दिवस कलेपर्यंत फिरलो, दोरी काय तिरकी झाली नाय. रिकामी पाटी बघून आई म्हणे, बापलेक धरणाला हळद लावून आले वाटतं. आबा नुसता हसत होता.

पुढच्या पावसाळ्यात आबा तापानं गेला, होडी चुलत्यानं नेली.

आता म्हातारी झाले, वणीलाच हाय. भट्टी लेकाची, हळद सून चोळते. माझे हात पांढरे पडले, तरी मधूनच हुंगते, वास कसलाच नाय. आता वास नाय तर होडी घेऊन कुणी उभं नाय. सून दिवाळीला माहेरी निघाली की पिवळे हात घासत बसते, मी तिला म्हणते, राहू दे बाई, तशीच जा.