कंबर अठ्ठावीस

...नाही, हसा तुम्ही! हसायला काय जातं? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं शिवणकाम करतोय, पण मापाची वही म्हणून ठेवली नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की छाती, कंबर, बाही, सगळं डोक्यात हजर! आणि परवा शाळेचे हेडमास्तर समोर उभे, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि त्यांची कंबर काही केल्या आठवेना. खोटं कशाला बोलू, घाबरलो हो!

का घाबरू नये? माझा थोरला भाऊ, ज्यानं मला कात्री धरायला शिकवली, तो एक दिवस दुकानात आला, आमच्याच दुकानात, आणि मला म्हणतो, 'काय हो, इथे शर्ट शिवून मिळतो का?' मी म्हटलं, मिळतो. दुसरं काय म्हणणार? तेव्हा त्याला सत्तरावं होतं. मला मागच्या महिन्यात लागलं!

त्यात आमची सून नर्स. तिच्या तोंडून निसटलं, 'बाबा, कॉफी पिणाऱ्यांची स्मरणशक्ती म्हातारपणी जरा बरी राहते, असं काही अभ्यासांत दिसलंय.' झालं! दिवसाला आठ कप! छाती धडधडतेय, सुईत दोरा जाता जाईना, एका साहेबांच्या कोटाची बाही मी खिशालाच शिवून टाकली! सून ओरडली, 'अहो बाबा, दोन-तीन कप म्हणतात, बादली नव्हे! आणि ते कॉफीमुळेच होतं, असं अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही!' मग हे आधी नाही का सांगायचं? आता प्यायलो तर हात जातात, सोडली तर डोकं... घाबरलो हो!

शेवटी म्हटलं, परीक्षाच घेऊ. बायकोला समोर उभं केलं, डोळे मिटले आणि घडाघडा म्हणालो, 'छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, बाही बावीस!' टेप लावली... कंबर अडतीस! दहा इंच! टेप टाकून दिली. म्हटलं, 'अगं, गेलं सगळं. उद्या तुलाही विचारेन, कोण हो तुम्ही?' रडलो, काय लपवायचं? इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो हो!

तिनं कपाटातून कोट काढला, आमच्या लग्नानंतर मी तिला शिवलेला पहिला, आणि म्हणाली, 'मोजा.' मोजला. शिवताना ठेवलेली ढिलाई सोडून कंबर बरोबर अठ्ठावीस! बाही बावीस! म्हणजे डोकं शाबूत! मी आनंदानं ओरडलो, 'अगं, मी नाही चुकलो, तूच सुटलीस!'

आज चौथा दिवस. बोलत नाहीये. कॉफी मीच करतो, दोघांची. तिच्यासमोर ठेवतो, ती बघतसुद्धा नाही, गार होते... मग तीही मलाच प्यावी लागते.