हंबीरतात्या मालवणला लगीन मोडाय गेलं

...आवं, लगीन मोडाय आलेल्या मानसाला कुनी 'बाजूक सर रे म्हाताऱ्या' म्हनावं? तेबी आमच्या म्हसवडच्या हंबीरतात्यांना? ज्यांनी नुसतं खाकरलं तरी चावडीवरची मानसं बिड्या इझवत्यात, त्यांना? आन् म्हननारी कोन, तर डोईवर मासळीची पाटी घेतलेली बाई! पाटीतलं पानी टपाटपा तात्यांच्या नव्या पटक्यावर! आता तुमीच सांगा, मानसानं चिडायचं न्हाई व्हय?

झालं आसं, तुमास्नी सांगतो... लढाई संपली, तात्यांचा ल्योक कृष्णात रजेवर सुटला, आन् घरला यायचं सोडून पलटनीतल्या दोस्तासंगं आदी मालवणला गेला! आला त्यो सांगतच, "दोस्ताची भन हाय, द्वारका. करीन तर तिलाच." झालं! तात्यांच्या कारभारनीनं, धोंडुकाकींनी, डोळ्याला पदर लावला आन् तात्या गरजलं, "मासं खानारी सून? माझ्या चुलीवर? म्या सोता जातो आन् मोडून येतो!"

गेलं की! घाटात मोटारीच्या वळना-वळनाला पोटातलं समदं भाईर... आन् उतरून बघत्यात तर गाव हाय का जत्रा! आगबोट लांब पान्यात हुबी, पडाव, म्हंजी होड्या, जात्यात, येत्यात, खलाशी वराडत्यात, नारळाची पोती, ट्रंका, कोंबड्या, मुंबैची मानसं गळ्यात पडून रडत्यात... आन् ह्या समद्या कालव्यात मधोमध पोरीचा बाप, बाबल परब, बंदरावरचा मुकादम! तात्यांनी मिशी पिळली, घाटभर घोकलेलं काढलं, "हे बगा परब, आमी—"

"वायच थांबा पावण्यांनू, बोट इली!"

आवं, बोट इली तर इली! पावना बी इलाय की! पुन्ना तात्या, "परब, आमाला—" तर पुन्ना, "वायच थांबा!" आन् तात्यांना बसवलं कशावर, तर सुक्या बांगड्यांच्या पोत्यावर! तुमीच सांगा, चिडायचं न्हाई व्हय?

शेवटी गर्दी हटली. तात्या ताडकन उठून म्हनलं, "परब, ही सोयरीक व्हायची न्हाई!"

तर परबानं हातच जोडलं! "देवान तुमका धाडल्यान! माका पन नकोच होती. तुमच्या थय पियाक पानी नाय म्हंतत. माझा चेडू द्वारका थय काय करतला?"

आँ? नको? हंबीररावाचं घर नको? तात्यांच्या मस्तकाची शीर अशी उडाय लागली! "पानी न्हाई? आमच्या हिरीला? आन् तुज्या दारात येवढा समिंदर, त्यातला घोटभर तरी पिऊन दाव! पोरगी देशील तर माझ्याच घरला देशील, न्हाई तर म्या ह्या पोत्यावरनं हलत न्हाई!" आन् बसलं की पुन्ना! त्याच पोत्यावर!

तेवढ्यात द्वारकाच बापाची भाकरी घिऊन आली. कृष्णातावानी त्वांड बघून तात्यांना वळखलं तिनं. आदी गडूभर पानी तात्यांच्या म्होरं केलं, गोड, गारेगार, आन् इचारलं, "मामंजीनू, तुमची बाव लय खोल आसा?"

बाव म्हंजी हीर. आत्ताच बढाई मारल्याली, पर त्या पोरीम्होरं तात्यांना खोटं बोलवंना.

"खोल हाय, पोरी," तात्या खालच्या आवाजात म्हनलं. "उन्हाळ्यात तळ दिसतोय."

पोरीनं इच्चार केला. "मगे दोर लांब व्हयो," म्हनली. व्हयो म्हंजी पायजे.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "दोर म्या सोता वळतो गं!" आन् परबाकडं वळून वराडलं, "ऐकलंस? पोरीला आक्कल हाय! कुनावर गेलीय द्येव जाने!" मिठात बांगडं मुरत्यात तसं तात्या त्या पोत्यावर मुरत बसलं, दिस कलला तवा कुटं परब 'बरां' म्हनला.

म्हसवडला पोचलं तवा पटक्याला, मिशीला, समद्याला मासळीचा वास. धोंडुकाकी नाकाला पदर लावून दारात, "मोडली का सोयरीक?"

तात्या उंबऱ्यावर मटकन बसलं. "मोडतच हुती गं... म्या येळंवर पोचलो, म्हून वाचली!"